चार्जरवरची ५० टक्के सबसिडी: आधी कागदाची तारीख बघा

पत्र

नमस्कार. आम्ही मनीषनगरला चोवीस फ्लॅटच्या स्कीममध्ये राहतो. दिवाळीत इलेक्ट्रिक कार घेतली. माझी नोकरी हिंगणा एमआयडीसीत, जाऊन-येऊन साधारण तीस किलोमीटर. सध्या बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर गाडी लावते. तिथे वेळ जातो आणि पैसेही जास्त लागतात.

मागच्या रविवारी एक एजंट स्कीममध्ये आला. ७.२ किलोवॅटचा चार्जर ६० हजारांत बसवतो, त्यावर सरकारची ५० टक्के सबसिडी मिळते, पण फाइल मार्चच्या आत गेली पाहिजे, असं त्याने सांगितलं. 'फाइल चार्ज' म्हणून मी त्याला ५ हजार रुपये यूपीआयने दिलेसुद्धा. त्याने दिलेल्या कागदाचा फोटो सोबत पाठवते आहे. आमचे सचिव काका मात्र पार्किंगमध्ये चार्जर नकोच म्हणतात, आग लागली तर जबाबदार कोण, असं विचारतात. त्यात माझ्या दिरांच्या डोक्यात आलंय की बुटीबोरीच्या प्लॉटवर सरकारी अनुदानातून चार्जिंग स्टेशन टाकायचं, आणि त्यात आम्हीही पैसे घालावेत.

खरंच किती सबसिडी मिळते? काय करू?

— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचल्यावर सगळ्यात आधी तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. कागदावरचे आकडे खोटे नाहीत, पण जुने आहेत. मंद चार्जरला खर्चाच्या ६० टक्के, कमाल १० हजार रुपये. जलद चार्जरला ५० टक्के, कमाल ५ लाख रुपये. राज्याच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात हे खरंच होतं. पण त्यालाही संख्येची मर्यादा होती: पहिले १५ हजार मंद चार्जर आणि पहिले ५०० जलद चार्जर. आणि त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. एजंटने जलद चार्जरचे ५० टक्के उचलले, ते घरगुती चार्जरला चिकटवले आणि तुम्हाला मार्चची भीती घातली. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर हा मुळात मंद चार्जरच असतो. म्हणजे जुनं धोरण आज चालू असतं, तरी ६० हजारांवर ३० हजार मिळाले नसते.

त्यानंतर आलेलं २०२५ चं राज्य धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत लागू आहे. त्यातली चार्जिंगसाठीची मदत प्रामुख्याने सार्वजनिक जलद केंद्रांसाठी आहे. तुमच्या पार्किंगमधल्या खाजगी चार्जरसाठी थेट खात्यात येणारी रोख सबसिडी नाही. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २ हजार कोटी रुपये ठेवलेत, हे आकडे पेपरात येतात आणि एजंट लोक तेही कात्रण दाखवतात. तो पैसाही सार्वजनिक चार्जरसाठीच आहे आणि सरकारी यंत्रणांमार्फत जातो. फ्लॅटमालकाने अर्ज करून तो मिळत नाही.

हे ऐकून निराश होऊ नका. सवलती आहेत, आणि बऱ्यापैकी आहेत. फक्त त्या 'चार्जर सबसिडी' या नावाने येत नाहीत. एक तर तुम्ही आधीच घेतली आहे: ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक गाडीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि चार्जरवरचा १८ वरून ५ वर. त्यामुळे चार्जरच्या कोटेशनमध्ये कुणी चार्जरवर १८ टक्के लावले असतील तर तिथेच बोट ठेवा. वायरिंगच्या कामाचा कर वेगळा असतो, तो वेगळ्या ओळीत लिहून मागा.

पण सबसिडीच्या आधी एक हिशेब करू, कारण माझ्या मते तुमचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाचणार आहेत.

तुमचं जाणं-येणं रोजचं तीस किलोमीटर. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ७८० किलोमीटर. शहरातल्या वापरात एका युनिटला सात किलोमीटर धरू. एसी लावून भर मे महिन्यात थोडं कमी पडेल. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून महिन्याला १२० ते १२५ युनिट, म्हणजे दिवसाला पाचच्या आत. गाडीबरोबर मिळालेली १५ अँपिअरच्या प्लगची केबल साधारण ३ किलोवॅटने गाडी भरते. त्या हिशेबाने तुम्हाला रोज दोन तासही चार्जिंग लागत नाही. गाडी रात्रभर, दहा तास उभी असते. मग ७.२ किलोवॅटचा ६० हजारांचा डबा कशासाठी घ्यायचा? तो ज्याची गाडी दिवसाला दीडशे किलोमीटर पळते त्याच्यासाठी आहे. शिवाय बऱ्याच कंपन्या भिंतीवरचा चार्जर गाडीबरोबरच देतात. तुमच्या गाडीच्या बिलात तो धरलेला आहे का, हे शोरूमला आधी विचारा.

तुम्हाला हवाय एक चांगला १५ अँपिअरचा पॉइंट, तुमच्या स्वतःच्या मीटरवरून ओढलेला. त्यावर मात्र हात आखडता घेऊ नका. मीटर बोर्डापासून तुमच्या पार्किंगपर्यंत स्वतंत्र तांब्याची केबल, पाइपातून नेलेली. तिच्यासाठी वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की क्षणात वीज तोडणारा स्विच. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. अंतर किती आहे त्यावर केबलची जाडी ठरते, ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनला ठरवू द्या आणि त्याच्याकडून चाचणीचा दाखला घ्या.

आणि अर्थिंग. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण नागपुरात नेमकं इथेच घोडं अडतं. आपली जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात ती ओल धरते आणि एप्रिल-मेमध्ये भेगा पडेपर्यंत वाळते. जमीन वाळली की अर्थिंगचा रोध वाढतो. जानेवारीत बिनतक्रार चार्ज होणारी गाडी मे महिन्यात लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारते. माणूस सर्व्हिस सेंटरला चकरा मारतो, तिथे गाडी ठणठणीत निघते, दोष घरच्या अर्थिंगमध्ये असतो. जुन्या स्कीममध्ये तर अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हेच कुणाला माहीत नसतं, एखाद्या वेळी त्यावर टाइल्स बसवलेल्या असतात. म्हणून पॉइंट टाकण्यापूर्वी अर्थिंगचं मोजमाप करून घ्या, आकडा कागदावर लिहून घ्या, आणि गरज पडली तर नवीन खड्डा करा. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी सोडायचं काम वॉचमनला सांगून ठेवा.

प्लगची उंचीही बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा किती तरी पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. मनीषनगरला तेवढं पाणी येणार नाही असं समजून खाली प्लग लावू नका. छातीएवढ्या उंचीवर लावा.

आता सचिव काका. ताई, त्यांची भीती खोटी ठरवायला जाऊ नका. चोवीस कुटुंबांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाने आगीचा विचार करायलाच हवा. त्यांच्या हातात तुम्ही काय देता, यावर सगळं अवलंबून आहे. तोंडी 'काही होत नाही हो काका' म्हणालात तर ते नाहीच म्हणतील. वरच्या सगळ्या गोष्टींचा एक पानी कागद द्या: केबल कुठून जाणार, एमसीबी-आरसीसीबी कुठे बसणार, इलेक्ट्रिशियनचा परवाना, अर्थिंगचा आकडा, विजेचं बिल तुमच्याच मीटरवर येणार ही खात्री, आणि कामात काही तोडफोड झाली तर दुरुस्ती तुमच्या खर्चाने. हा अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

तुमची स्कीम सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट कायद्याखालची, हेही तपासा. नागपुरात बऱ्याच फ्लॅट स्कीम १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र करून झालेल्या आहेत, आणि तिथे पार्किंग कुणाच्या नावावर आहे, सामाईक भाग कोणता, हे त्या घोषणापत्रात लिहिलेलं असतं. तुमच्या खरेदीखतात पार्किंगचा उल्लेख आहे का ते आधी वाचा. उल्लेख असेल तर काकांशी बोलणं खूप सोपं होतं.

वीज जोडणीबाबत कायदा तुमच्या बाजूने आहे. केंद्राने २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार गाडी चार्ज करण्यासाठी ग्राहक वेगळी वीज जोडणी मागू शकतो. पूर्ण अर्ज दिल्यावर जोडणीची मुदतही कमी केली आहे: महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७, ग्रामीण भागात १५ दिवस. चार्जिंगसाठी वेगळा मीटर घ्यायचा की घरच्याच मीटरवर भागवायचं, हा खरा पैशाचा प्रश्न आहे.

घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. घरगुती दराच्या पायऱ्या तुम्हाला माहीत आहेत: १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००, मग त्यावर. हिवाळ्यात तुमचं बिल दीडशे युनिटचं असेल तर गाडीचे १२० युनिट त्याच ३०० च्या पायरीत बसतील, चिंता नाही. मे महिन्यात कूलर आणि एसी मिळून बिल साडेतीनशेवर गेलं, की गाडीचे सगळे युनिट पुढच्या महाग पायरीत पडतात. फक्त वरचे युनिट महाग होतात, पूर्ण बिल नाही. हा घोळ बरेच जण करतात. चार्जिंग स्टेशनसाठी महावितरणच्या दरपत्रकात वेगळा वर्ग आहे, पण वेगळ्या मीटरला स्थिर आकारही वेगळा लागतो. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, प्रत्येक महिन्यात १२५ युनिट मिळवा आणि दोन्ही पद्धतींनी बेरीज करून बघा. रोज तीस किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाला बहुधा घरचाच मीटर स्वस्त पडेल असं माझं मत आहे. मंजूर भार कमी असेल तर मात्र तो आधी वाढवून घ्या. एसी, गीझर आणि गाडी एका वेळी लागले की कमी भाराचा मीटर तग धरत नाही.

एक छोटी गोष्ट. तुमच्याकडे नवा टीओडी, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर लावणारा, स्मार्ट मीटर बसला असेल, तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर घरगुती ग्राहकाला प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत १ जुलै २०२५ पासून सुरू झाली आहे. त्या वेळेत तुम्ही नोकरीवर असता, तेव्हा रोज उपयोग नाही. पण रविवारी सकाळी नऊ वाजता गाडी लावली तर आठवड्याचा बराच भाग निघतो. भर दुपारी मात्र उन्हात उभ्या गाडीला चार्जिंग लावू नका, सावलीतल्या पार्किंगमध्येच लावा.

आता खऱ्या अनुदानाकडे येते. तुमच्या स्कीमला चार्जिंगच्या नावाने पैसा मिळवायचा असेल, तर तो गच्चीवर आहे. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या सौर पॅनेलसाठी प्रति किलोवॅट १८ हजार रुपये मिळतात, आणि या सामाईक वापरात गाड्यांचं चार्जिंग स्पष्टपणे धरलेलं आहे. मर्यादा प्रति घर ३ किलोवॅटच्या हिशेबाने, एकूण ५०० किलोवॅटपर्यंत. तुमच्या चोवीस घरांना ७२ किलोवॅटपर्यंत वाव आहे, तेवढी गरज नाही. १० किलोवॅट बसवले तरी १ लाख ८० हजार रुपये अनुदान होतं. त्याला साधारण हजार चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी गच्ची लागते. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर रोज चाळीस युनिट. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे यांचं बिल त्यात भागून चार्जिंगलाही उरू शकतं.

नागपूर जिल्हा छतावरच्या सौर ऊर्जेत राज्यात आघाडीवर आहे, त्यामुळे तुमच्या आजूबाजूलाच चार-पाच स्कीम सापडतील. त्यांच्या गच्चीवर काकांना घेऊन जा, त्यांचं आधीचं आणि नंतरचं सामाईक बिल बघा. मग आमसभेत विषय 'ताईंचा चार्जर' असा जाणार नाही, 'सगळ्यांचा मेंटेनन्स कमी करणं' असा जाईल, आणि त्यातच दोन सामाईक चार्जिंग पॉइंटचा ठराव होईल. आज तुमची एकटीची गाडी आहे, दोन वर्षांत आणखी चार येतील. तेव्हा प्रत्येकाची वेगळी केबल भिंतीवर लोंबण्यापेक्षा आत्ताच एक नीट व्यवस्था झालेली बरी, हे काकांनाही पटेल असं वाटतं. नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच कोटेशन घ्या, राष्ट्रीय पोर्टलवरून अर्ज करा, आणि दिवसा तयार झालेलं युनिट रात्रीच्या वापरातून कसं वळतं करणार, हे महावितरणच्या सध्याच्या नियमानुसार लेखी मागा. तोंडी आश्वासनावर गच्चीला भोकं पाडू देऊ नका.

(स्वतंत्र घर असलेल्या वाचकांसाठी: तुमच्या छताला पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे कमाल ७८ हजार मिळतात. गाडी घ्यायचा विचार असेल तर आधी छताचं काम करा.)

मालमत्ता करात सूट मिळते असंही एजंट सांगतात. २०२१ च्या धोरणात स्थानिक संस्थांनी अशी सूट द्यावी असं सुचवलं होतं. महापालिकेचा तसा ठराव असेल तरच ती मिळते. झोन कार्यालयात एकदा विचारा, त्यापलीकडे त्यावर भिस्त ठेवू नका. उलट समृद्धी महामार्गावरची टोलमाफी नक्की मिळवा. २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक कारला तिथे पूर्ण माफी आहे. फास्टॅगमधून टोल कापला जात असेल तर टॅगवर गाडी इलेक्ट्रिक म्हणून नोंदली आहे का ते बघा.

दिरांचा विषय नाजूक आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. आत्ता पैसे घालू नका. नागपूरला हा धंदा नवीन नाही, पेट्रोल पंपावरचं देशातलं पहिलं चार्जिंग स्टेशन नोव्हेंबर २०१७ मध्ये इथेच सुरू झालं. मागणी वाढते आहे, हे दिरांचं म्हणणं बरोबर आहे. पण बुटीबोरी शहरापासून तीसेक किलोमीटरवर. नागपुरातून निघणारी गाडी घरून पूर्ण भरून निघते, तिला तिथे थांबायचं कारण नाही. वर्धा-यवतमाळकडून येणारा नागपूरकर म्हणतो, अर्ध्या तासात घरी पोचतो, तिथेच लावू. उरतात लांबून येणारे प्रवासी आणि एमआयडीसीतली मालवाहू वाहनं. दिरांनी पैशाचा विचार करण्याआधी त्या रस्त्यावर उभं राहून हे गिऱ्हाईक मोजावं.

शिवाय जलद चार्जर म्हणजे नुसतं यंत्र नसतं. ट्रान्सफॉर्मर, उच्चदाबाची केबल, शेड, कॅमेरे हा खर्च आधी. मग गाडी येवो न येवो, करार केलेल्या भारावर दरमहा मागणी आकार भरावाच लागतो. राज्याच्या नव्या धोरणात अशा केंद्रांना खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत व्यवहार्यता निधी, म्हणजे धंदा परवडावा म्हणून तूट भरून काढणारी सरकारी मदत आहे, तीही मर्यादेसह. म्हणजे उरलेला ८५ टक्के भार घरचाच. केंद्राच्या योजनेत ट्रान्सफॉर्मर-केबलसारख्या कामांना ८० टक्के मदत आहे, पण ती खाजगी प्लॉटमालकाने थेट मागण्यासारखी नाही. भाऊजींना सुचवा की जागा चालू कंपनीला भाड्याने किंवा उत्पन्नातल्या हिश्शावर द्या. गुंतवणूक त्यांची, जागा आपली. त्या कराराला कंपन्या तयार होत नसतील, तर जागेबद्दल तेच खूप काही सांगून जातं.

राहिले तुमचे ५ हजार. एजंटला आजच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: कोणत्या योजनेत, कोणत्या शासन निर्णयानुसार, कोणत्या क्रमांकाचा अर्ज भरला ते तीन दिवसांत कळवा, नाहीतर रक्कम परत करा. फोनवर बोलू नका, लिहूनच बोला. यूपीआयच्या व्यवहाराचा आणि त्याने दिलेल्या कागदाचा स्क्रीनशॉट ठेवा. आधार, पॅन किंवा विजेच्या बिलाची प्रत त्याला दिली असेल तर तेही नोंदवून ठेवा, आणि ओटीपी मागितला तर मुळीच देऊ नका. उत्तर टाळू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. फसवणूक आहे असं स्पष्ट दिसलं तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच, कारण तिथे पहिले काही तास महत्त्वाचे असतात. तो तुमच्या स्कीममध्ये आणखी किती दारांवर गेला, तेही विचारून घ्या. ग्रुपवर आजच एक निरोप टाका.